जुना एअर ड्रायर: अंकांवरून ओळख

सावर्डे परिसरात पावसाळ्यात हवाच ओली असते. ट्रकचा कॉम्प्रेसर तीच ओली हवा दाबून टाकीत भरतो. पाणी टाकीत साचलं की व्हॉल्व्ह गंजतात आणि कुंभार्ली घाटाच्या उतारावर ब्रेक दगा देऊ शकतात. म्हणून मध्ये ड्रायर हवाच. त्याच्या डब्यातले शोषक दाणे बाष्प धरून ठेवतात.

भंगारातून आणलेल्या ड्रायरवरचं नाव पुसलेलं असलं तरी चिखल खरवडून तोंडांशेजारचे ओतीव अंक वाचा. १ म्हणजे कॉम्प्रेसरकडून येणारी हवा, २१ मधून ती टाक्यांकडे जाते, ३ म्हणजे बाहेर फुंकणारं तोंड. २२ बहुधा छोट्या टाकीचं असतं. तिथली कोरडी हवा उलट फिरून दाणे सुकवते. ४ असेल तर दाबाचा इशारा बाहेरून द्यावा लागतो. अंक मिटले असतील तर अंदाजाने जोडू नका, जाणकाराला दाखवा.

कॉम्प्रेसरपासूनचा पाइप धातूचा, पुरेसा लांब आणि ड्रायरकडे उतरता ठेवा. हवा वाटेत निवते आणि पाणी खळग्यात अडत नाही. ३ चं तोंड खालीच हवं.

डबा फिरवण्याआधी सगळा दाब सोडा. टाकीच्या ड्रेनमधून दुधाळ पाणी आलं, तर डबा बदलाच.