दुवा कुठे उघडतो?

समजा, वालचंदनगरची एक नववीतली मुलगी आपल्या गावावर प्रकल्प लिहीत आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या अग्निबाणाच्या बूस्टरचे भाग तिच्याच गावच्या कारखान्यात घडले होते. मराठी विकिपीडियावर गावाविषयी वाचता वाचता ती ‘इंदापूर’ या निळ्या शब्दावर टिचकी मारते. वालचंदनगरचे पान जाते आणि त्याच जागी इंदापूरचे येते. दुसऱ्या एका संकेतस्थळावर मात्र पहिले पान तसेच राहते व शेजारी नवा टॅब उघडतो. दुवे तर दोन्हीकडे सारखेच दिसत होते! मग हा फरक कोणी केला?

फरक केला पान लिहिणाऱ्याने. ही पाने एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. दुव्याच्या खुणेत ‘एचरेफ’पुढे पत्ता असतो, जायचे कोठे, ते त्यावरून कळते. ‘टार्गेट’ हा गुणधर्म ते पान कोठे उघडायचे हे सांगतो. तो लिहिलाच नाही, तर नवे पान त्याच टॅबमध्ये येते. त्यात आडवी रेघ आणि तिला जोडून ‘ब्लँक’ हा शब्द लिहिला, की नवा टॅब.

मग सगळेच दुवे नव्या टॅबमध्ये का उघडू नयेत? त्याचे असे आहे. प्रत्येक टॅब आपण पाहिलेली पाने ताटांच्या चवडीसारखी रचून ठेवतो. मागे जाण्याचा बाण दाबला की वरचे ताट निघते, खालचे दिसते. नव्या टॅबची चवड रिकामीच असते. म्हणून संगणकावर तेथे तो बाण फिका पडतो आणि नवखा वाचक अडकतो. अर्धा अर्ज भरून झाल्यावर मदतीचे पान हवे असेल, तेव्हा मात्र नवा टॅबच बरा. नाहीतर भरलेले सारे पुसले जायचे.

यात एक धोकाही होता. नव्या टॅबमधल्या पानाला आपल्याला उघडणाऱ्या टॅबचा धागा मिळत असे. लबाड पान तो धागा ओढून मागच्या टॅबमध्ये हुबेहूब पण खोटे पान आणू शके. वाचक परत येई, ओळखीचे पान समजून पासवर्ड देई! दुव्याच्या ‘रेल’ गुणधर्मात ‘नोओपनर’ लिहिले की हा धागा तुटतो. २०१९ ते २०२१ या काळात सफारी, फायरफॉक्स व क्रोम या ब्राउझरांनी नव्या टॅबच्या दुव्यांसाठी तो आपोआप तोडायला सुरुवात केली. जुन्या संगणकांवर जुने ब्राउझर असतातच, तेव्हा तो शब्द लिहिलेला बरा.

आता वाचकाच्या हातात काय उरते? पुष्कळ. साधा दुवा कंट्रोल कळ दाबून टिचकवला, किंवा फोनवर त्यावर बोट दाबून धरले, तर तो नव्या टॅबमध्ये उघडता येतो. ‘ब्लँक’वाला दुवा त्याच टॅबमध्ये उघडण्याची इतकी सोपी युक्ती नाही. साधा दुवा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो, म्हणून आमचे मत त्याच्याच बाजूने आहे.

शाळेच्या संगणकावर हे करून पाहा. इंटरनेटही लागत नाही. नोटपॅडमध्ये दोन छोटी पाने लिहा. पहिल्यातून दुसऱ्याकडे एक साधा व एक ‘ब्लँक’ दुवा द्या. दोन्ही टिचकवा आणि दर वेळी मागच्या बाणाकडे बघा.