जवसाचं तेल आणि माग्दाबाईंची चित्रं

दोस्तांनो, पुढे वाचायच्या आधी एक काम करा. कागदावर माणसाचा चेहरा काढा. अं हं, आधी काढा, मगच पुढे!

काढलात? आता पट्टी घ्या. माथ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजा आणि डोळे कुठे आलेत ते पाहा. बहुतेकांचे वर, कपाळाच्या जागी चढलेले असणार. आता मोठ्या माणसाचा चेहरा मोजा. त्याचे डोळे असतात जवळजवळ मध्यावर. तुमचे तर त्याहूनही थोडे खाली!

मग चुकलं कुठे? माणसाकडे पाहताना आपण डोळे, नाक, तोंड बघतो. कपाळ आणि केस यांचा हिशेबच धरत नाही. हात बिचारा मन सांगेल तसं काढतो. म्हणून जे दिसतं तेच काढणाऱ्या वास्तववादी चित्रकाराला आधी बघायला शिकावं लागतं.

अशाच एक चित्रकार होत्या माग्दा नाखमान. त्यांचा जन्म 1889 साली रशियात झाला. सेंट पीटर्सबर्गच्या ज्या कलाशाळेत त्या शिकल्या, तिथे काही काळ मार्क शागालही शिकत होता. हो, तोच जगप्रसिद्ध चित्रकार! त्यांचे एक शिक्षक होते पेत्रोव्ह-वोद्किन. यांनी 1912 मध्ये चक्क लालभडक घोडा रंगवला आणि रशियाभर त्याची चर्चा झाली.

माग्दाबाईंना मात्र ओढ माणसांच्या चेहऱ्यांची. 1913 मध्ये त्यांनी मरीना त्स्वेतायेवा या तरुण कवयित्रीचं तैलचित्र केलं. पुढे ती रशियाची फार मोठी कवयित्री झाली. तिला समोर बसवून रंगवलेलं हे एकमेव तैलचित्र असं मानतात.

तैलचित्र म्हणजे तेलात कालवलेल्या रंगांचं चित्र. तेल कुठलं? बहुतेक वेळा जवसाचं! आपल्या नगरकडे भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो, तेच जवस.

आता गंमत ऐका. ओला सदरा वाळतो, कारण त्यातलं पाणी वाफ होऊन उडून जातं. जवसाचं तेल मात्र उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि चिवट, घट्ट पापुद्रा तयार होतो. त्यामुळे वाळताना तेलाचं वजन कमी होण्याऐवजी चक्क वाढतं!

हे काम चालतं सावकाश, कित्येक दिवस. चित्रकाराच्या ते पथ्यावरच पडतं. गालावरची सावली चुकली? पुसा, पुन्हा बघा, पुन्हा रंगवा. तैलरंग बघायला वेळ देतो.

माग्दाबाईंच्या आयुष्याने मात्र त्यांना एका जागी फार वेळ दिला नाही. मॉस्कोत त्यांनी मद्रासचे क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न केलं. 1922 मध्ये दोघं बर्लिनला गेले. तिथे माग्दाबाईंनी व्लादिमीर नाबोकोव्ह या लेखकाचंही चित्र केलं. मग जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. माग्दाबाईंचे वडील ज्यू, नवरा ब्रिटिशांविरुद्ध लढलेला हिंदुस्थानी. तिथे राहणं धोक्याचं झालं आणि दोघं मुंबईत आले.

त्या काळात युरोपातून बरेच कलावंत मुंबईला आले. व्हिएन्नाहून चित्रकार वॉल्टर लांगहामर आले, नर्तिका हिल्डे होल्गर आली. 1939 मध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा इंग्रज सरकारने इथल्या बऱ्याच जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना पकडून छावण्यांत ठेवलं. अशी एक छावणी आपल्या नगरला होती. हाइनरिख हारर हा गिर्यारोहक तिथे कैदी होता. पुढे देहरादूनच्या छावणीतून निसटून तो थेट तिबेटात पोहोचला!

माग्दाबाई मात्र मुंबईतच चित्रं काढत राहिल्या. नवा देश, नवी माणसं, पण बघण्याची रीत जुनीच. रशियात कवयित्रीचा चेहरा ज्या लक्षाने पाहिला, त्याच लक्षाने त्यांनी इथल्या साध्यासुध्या माणसांचे चेहरे रंगवले. 12 फेब्रुवारी 1951 रोजी मुंबईत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. त्याच दिवशी, उद्घाटनाच्या काही तास आधी, त्यांचं निधन झालं.

आता तुमची पाळी. काचेच्या दोन तुकड्यांवर (कडा लागतील हं, मोठ्यांना सोबत घ्या) एकेक थेंब तेल पातळ पसरा. एकावर कच्चं जवसाचं, दुसऱ्यावर शेंगदाण्याचं. खिडकीत ठेवा आणि रोज काडीने हळूच टोचून बघा. जवसाचं तेल घट्ट होत जाईल. शेंगदाण्याचं चिकट झालं तरी तसा पापुद्रा धरणार नाही. रोजची नोंद वहीत ठेवा.

आणि एक लक्षात ठेवा: जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून टाकू नका. ऑक्सिजन ओढताना तेल तापतं आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंधी पाण्यात भिजवा, मगच टाका!