नासाशल्यकर्मानंतर स्टेरॉइडची सुई : उपयोग व अपाय

नाशिक या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती शूर्पणखेच्या छेदलेल्या नासिकेशी जोडली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो. त्र्यंबक रस्त्यावरील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कामगार नाकाचे मोडलेले हाड बसवून घेऊन घरी परततो, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्न निराळा असतो. नाकाची सूज किती काळ सोसावयाची, आणि ती लवकर उतरावी म्हणून स्टेरॉइडची सुई टोचून घ्यावी काय, हा तो प्रश्न होय.

अशा औषधावाचूनही नाकाची पुनर्रचना यशस्वी होत असे, याचे साक्ष्य महाराष्ट्रातच आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याजवळ एका विटा घडविणाऱ्या कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक बसविले. त्याचा वृत्तांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला. त्यात कपाळाशी जोडलेली त्वचेची पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी छेदीत असल्याचे नमूद आहे. येथे सारे वेळापत्रक जखमेचे होते. स्टेरॉइड नेमका या वेळापत्रकात हस्तक्षेप करते.

आधुनिक नासाशल्यकर्मानंतर डोळ्यांभोवतीचे काळेनिळेपण दोन-तीन आठवड्यांत जाते. शेंड्याची सूज मात्र, विशेषतः त्वचा जाड असल्यास, वर्षभर वा त्याहूनही अधिक रेंगाळते. शेंड्याच्या किंचित वर, त्वचा व कूर्चा यांमधील पोकळीत व्रणऊती साठल्यास नाकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक येतो. हा बाक स्थिर होण्यापूर्वी तेथे ट्रायॅम्सिनोलोन ॲसिटोनाइड टोचण्याची पद्धत आहे. मात्रा अल्प असते : मिलिलिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणाच्या द्रवाचे एक-दोन दशांश मिलिलिटर. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म स्फटिक कित्येक आठवडे जागेवर राहून झिरपत असतात. ते दाह शमविते आणि तंतुजनक पेशींकडून होणारी कोलॅजनची निर्मिती रोखते.

तथापि, वाजवीपेक्षा जास्त झालेला व्रण कोणता आणि निरोगी त्वचा कोणती, हा विवेक औषधाला नाही. सुई खोल न जाता अंतस्त्वचेत रिकामी झाली, तर त्वचा पातळ होते, तिच्यातून केशवाहिन्यांचे लाल जाळे दिसू लागते. खालची चरबी झिजून खळगा पडतो. रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशी मंदावल्याने पांढुरका डाग उमटतो, आणि सावळ्या वर्णावर तो अधिकच उठून दिसतो. कधी हा फिकेपणा लसीकावाहिन्यांच्या मार्गाने रेषेसारखा पसरतो. रंग बहुधा काही महिन्यांत परततो. खळगा मात्र भरून येईलच असे नाही. साध्या लवणजलाचे अंतःक्षेपण करून साठलेले स्फटिक पांगविण्याचा उपाय काही रुग्णांत उपयोगी पडला आहे.

हे अपाय टोचल्यानंतर आठवड्यांनी प्रकट होतात, हीच खरी अडचण. पहिल्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसण्याआधीच, सूज उतरली नाही म्हणून, दुसरी दिली जाते. दोन मात्रांत निदान चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत हा दंडक त्याकरिताच आहे. बाजारात मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमचा द्रवही मिळतो. तो तसाच नाकाच्या शेंड्यात वापरणे म्हणजे चौपट मात्रा देणे होय.

अत्यंत विरळ, पण सर्वांत भयंकर अपाय दृष्टिनाशाचा. नासापृष्ठावरील धमनी ही नेत्रधमनीचीच शाखा. सुई रक्तवाहिनीत शिरली व दट्ट्यावर जोर पडला, तर स्फटिक उलट्या दिशेने ढकलले जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडू शकतात. नाकाच्या आतील शंखास्थींमध्ये स्टेरॉइड टोचल्यानंतर असे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून बारीक सुई, मंद दाब व अल्प द्रव यांचा आग्रह धरला जातो.

एक-दोन मिलिग्रॅमचा सर्वांगावर परिणाम सहसा नगण्य. परंतु स्नायूत दिलेली ४० मिलिग्रॅमची मात्रा ही वेगळीच गोष्ट : तिने मधुमेह्याची रक्तशर्करा काही दिवस चढते, स्त्रियांची मासिक पाळी बिघडू शकते आणि अधिवृक्क ग्रंथींचे कार्य काही आठवडे दबून राहू शकते. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून दिलेले डेक्सामेथासोन याहून निराळे. ते पहिल्या काही दिवसांच्या सुजेपुरते असते. रुग्ण या तिन्हींना 'स्टेरॉइडचे इंजेक्शन' असे एकच नाव देतो. सातपूरहून शहरातल्या दुसऱ्या चिकित्सकाकडे तो गेला, तर कोणते औषध, किती, कोठे व कोणत्या तारखेस दिले, हे त्याच्या कागदावर लिहिलेले नसल्यास पुढील सुई अंधारात टोचली जाते.