मानवंदनेसाठी तोलोलिंग चढायचं कशाला?

कारगिलच्या हुतात्म्यांना मानवंदना द्यायला द्रासमध्ये पायथ्याशीच युद्ध स्मारक आहे. तरी लष्कराची पथकं शेजारच्या तोलोलिंगवर स्मृती-चढाई करतात. का, हे चढणच सांगते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, तोलोलिंग 15 हजारांच्या घरात. तिथं हवेचा दाब साधारण 40 टक्के कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. धडधाकट गडीही दोन-चार पावलांत धापा टाकतो. म्हणून आधी काही दिवस उंचीवर राहून शरीराला सवय लावावी लागते. 1999 मध्ये जवान हीच उघडी चढण रात्री, पाठीवर दारूगोळा घेऊन आणि वरून गोळ्या येत असताना चढले. माथ्यावरून श्रीनगर-लेह महामार्ग शत्रूच्या माऱ्यात होता, त्यामुळे तोलोलिंग घेणं भागच होतं. 13 जूनला 2 राजपुताना रायफल्सने ते घेतलं.

एवढ्या उंचीवर गोळी नसली तरी मरण असतंच. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनमध्ये हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले. त्यात धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद होते आणि सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही. निपाणीतून बघाल तर एकाचं गाव दक्षिणेला, दुसऱ्याचं उत्तरेला. हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला.