गाळाचे थर आणि प्राचीन शेतीचा इतिहास

पालि साहित्यात शेतीचे उल्लेख विपुल आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंच्या चीवराची रचना मगधातील बांध घातलेल्या शेतांच्या धर्तीवर ठरविल्याची कथा येते. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात पेरणीच्या वेळी पाचशे नांगर जुंपलेले दिसतात. तथापि ही शेते नेमक्या कोणत्या शतकातील, त्यांना पाणी कोठून मिळत होते व ते किती पिकांना पुरत होते, या प्रश्नांची उत्तरे केवळ ग्रंथांवरून देता येत नाहीत. ग्रंथ अनेक पिढ्यांच्या मुखपरंपरेतून आले असल्याने त्यांतील वर्णनाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहतात. अशा वेळी दुसऱ्या साक्षीदाराकडे वळणे भाग पडते. तो साक्षीदार म्हणजे माती.

तलावाच्या तळाशी दर पावसाळ्यात गाळ साचतो. तो कोणी ढवळला नसेल तर खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा नियम लागू पडतो. परंतु थरांचा क्रम कळला म्हणजे त्यांचा काळ कळला असे नव्हे. थरात कोळसा सापडल्यास कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय काढता येते. पण तो कोळसा उताराच्या एखाद्या जुन्या थरातून वाहून आलेला असेल, तर निघणारे वय गाळाचे नसून कोळशाचे असते.

ही अडचण दूर करण्यास ल्युमिनेसन्स पद्धत उपयोगी पडते. गाळाच्या कालमापनासाठी प्रकाशावर आधारलेली ही रीत हंटले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडली. गारगोटीच्या कणांत भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे ऊर्जा साठत जाते. कणावर सूर्यप्रकाश पडला की हा साठा रिता होतो आणि कण गाळाखाली गाडला गेला की पुन्हा भरू लागतो. म्हणून नमुना प्रकाश न लागू देता बंद नळीत घेतात, प्रयोगशाळेत साठलेली ऊर्जा मोजतात आणि दरवर्षी साठणाऱ्या ऊर्जेने तिला भागतात. येणारा आकडा म्हणजे कणाने शेवटचा सूर्यप्रकाश पाहिल्यापासून लोटलेली वर्षे. गढूळ पुरात कणांना पुरेसा प्रकाश मिळाला नसेल तर वय प्रत्यक्षाहून अधिक येते, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे.

काळ कळल्यावर पिकाचा प्रश्न उरतो. गाळातील परागकणांवरून जंगल घटले की वाढले, तणे कधी माजली, हे समजते. परंतु गवतवर्गीय वनस्पतींचे पराग एकमेकांसारखे असल्याने केवळ त्यांवरून भात ओळखणे कठीण जाते. तेथे फायटोलिथ साहाय्यास येतात. वनस्पतीच्या पेशींत साठलेले हे सिलिकाचे सूक्ष्म साचे पान कुजल्यावरही टिकतात आणि भाताच्या पानांतील व तुसांतील साच्यांना विशिष्ट आकार असतो.

या पद्धतींचा बौद्ध इतिहासाशी थेट संबंध सांचीच्या परिसरात येतो. विदिशेजवळ बेस व बेटवा नद्यांच्या खोऱ्यात ज्युलिया शॉ यांनी १९९८ पासून सुमारे ७५० चौरस किलोमीटर प्रदेशाची पाहणी केली. तीत स्तूप, विहार व वसाहतींबरोबर १६ प्राचीन धरणांचा समूह नोंदविला गेला. मातीचा गाभा आणि बाहेरून दगडी बांधकाम अशी त्यांची घडण आहे. काहींची लांबी एक किलोमीटरहून अधिक भरते. या भागातील काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे गव्हाला सिंचनाची फारशी गरज नसते. म्हणून हे पाणी मुख्यतः भातासाठी असावे, असे अनुमान करण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेले गाळाचे ल्युमिनेसन्स कालमापन धरणांच्या आरंभासाठी इ. स. पूर्वीच्या अखेरच्या शतकांकडे निर्देश करते. सांचीचा संघही याच काळात विस्तारत होता.

यावरून संघाने धरणे बांधली, असे म्हणता येईल काय? आमच्या मते येथे सावधगिरी आवश्यक आहे. जमीन खणणे वा खणविणे हे भिक्खूला पाचित्तिय आहे. दुसरीकडे, संघाचे बी व्यक्तीच्या जमिनीत किंवा व्यक्तीचे बी संघाच्या जमिनीत पेरले गेल्यास उत्पन्नाचा वाटा देऊन उपभोग घ्यावा, अशी तरतूद महावग्गातच आहे. म्हणजे संघ शेतीपासून पूर्णतः अलिप्त होता, हे मत विनयाला धरून नाही. गाळ धरणाचा काळ सांगतो, त्याचा कर्ता सांगत नाही. गिरनारच्या सुदर्शन तलावाचा कर्ता आपल्याला ठाऊक आहे, कारण रुद्रदामनच्या शिलालेखात चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याचे नाव कोरलेले आहे. माती, शिलालेख आणि विनय या तिन्ही साधनांना त्यांच्या मर्यादेत वाचले, तरच भिक्खू, उपासक व शेतकरी यांच्या परस्परावलंबनाचे चित्र विश्वसनीय होईल.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बांध व पाट उजेडात आला. आज मात्र जुन्या तलावांतील गाळ यंत्रांनी उपसला जात आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या कामांनी पाणीसाठा वाढतो व शेताला सुपीक माती मिळते. हा लाभ शेतकऱ्याचा आहे आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. परंतु तलाव प्राचीन असेल तर उपसण्यापूर्वी तळापर्यंतचा एक उभा नमुना काढून जतन करण्यास फारसा वेळ लागत नाही. ग्रंथाची एक प्रत हरवली तर दुसरी सापडण्याची आशा असते. उपसलेल्या थरांची दुसरी प्रत नसते. आपल्या गावच्या लेणीजवळ वा विहाराजवळ जुना तलाव असल्यास वाचकांनी ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या व पुरातत्त्व खात्याच्या कानी घालावी, अशी आमची विनंती आहे.