मतापूर्वी मुलाखत

डॉक्टरांच्या संघटनेची निवडणूक हा आजवर डॉक्टरांचा घरगुती मामला मानला गेला आहे. कार्यकारिणीवर कोण आले, हे नगरवासीयांना कळते ते अभिनंदनाच्या फलकांवरून. खुद्द मतदार सभासदाच्या हाती तरी उमेदवाराचे नाव, पदव्या व छायाचित्र यांखेरीज काय पडते? कुणी वर्गमित्र असतो, कुणी रुग्ण पाठविणारा स्नेही असतो. आणि मत बहुधा त्या नात्याला पडते. ही रीत सोडून प्रत्येक उमेदवाराची मतदानापूर्वी सभासदांसमोर रीतसर मुलाखत घ्यावी, अशी आमची सूचना आहे.

यात केवळ डॉक्टरांचेच हित गुंतले आहे असे नव्हे. १९२८ साली स्थापन झालेली इंडियन मेडिकल असोसिएशन ही ऐच्छिक संघटना आहे. डॉक्टरांची नोंदणी करणे वा रद्द करणे हे कायद्याने निर्मिलेल्या वैद्यक परिषदांचे काम. ते या संघटनेचे नव्हे. परंतु संपाची हाक असो, एखाद्या विधेयकास विरोध असो, की डॉक्टरांवरील हल्ल्यांचा निषेध असो, लोकांच्या कानी पडणारा डॉक्टरवर्गाचा आवाज हा संघटनेचाच असतो. तिच्या शब्दाला रुग्ण मान देतो, म्हणूनच तो शब्द विकतही घेतला जाऊ शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. २००८ साली असोसिएशनने एका बड्या कंपनीच्या फळांच्या रसावर व ओटवर मोबदला घेऊन आपली मोहोर उमटविली आणि २०१० साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने त्याबद्दल ठपका ठेवला. त्यापूर्वीच, डिसेंबर २००९ मध्ये, औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च व आतिथ्य स्वीकारण्यास मनाई करणारे कलम आचारसंहितेत आले होते. त्याच्या शीर्षकात डॉक्टरांबरोबर त्यांच्या संघटनांचाही उल्लेख होता. २०१६ साली संघटनांचा तो उल्लेख वगळण्यात आला. २०२० साली परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली, आणि जुनीच संहिता कायम राहिली. तात्पर्य, एकट्या डॉक्टरला जी मर्यादा आहे, ती त्याच्या संघटनेला त्या कलमाने उरली नाही. मग संघटनेच्या चालकांना जाब विचारावयाचा कोणी? सभासदांनीच, आणि तोही निवडून दिल्यानंतर नव्हे, आधी.

विचारावयाचे प्रश्न अवघड नाहीत. औषध कंपनी, रुग्णालय वा निदान केंद्र यांत आपला आर्थिक संबंध कोणता? अधिवेशनाचा खर्च कोणाच्या पैशाने भागवाल, आणि त्याचा हिशेब सर्व सभासदांना दाखवाल काय? रुग्ण पाठविण्याबद्दल दलाली घेणे २००२ च्या संहितेनेच निषिद्ध ठरविले आहे. ती घेणारा आपलाच सभासद निघाला तर काय कराल? पूर्वी पदावर असाल, तर किती बैठकांना हजर होता आणि कोणत्या ठरावाला विरोध केला? निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांविषयी आपली भूमिका कोणती?

मुलाखतीची शिस्तही ठरलेली असावी. प्रश्न सर्वांना तेच, वेळ सारखा, प्रश्न विचारणारे स्वतः उमेदवार नसलेले, आणि त्यांत वैद्यक व्यवसायाबाहेरची एक तरी जाणती व्यक्ती असावी. उत्तरांची लेखी नोंद मतपत्रिकेपूर्वी प्रत्येक सभासदाच्या हाती पडावी. गुण देऊ नयेत. निकाल मतदारानेच द्यावा.

ज्येष्ठ वैद्यांना परीक्षेस बसविणे अशोभनीय आहे, असे काही जण म्हणतील. पण शिकाऊ डॉक्टरची मुलाखत घेताना ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांना स्वतः उत्तरे देताना तो का वाटावा? ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलमध्ये डॉक्टरांनी मतदानाने निवडलेले सदस्य असत. २००९ पासून ती पद्धत बंद झाली, व निम्मे डॉक्टर आणि निम्मे सामान्य नागरिक, तेही स्वतंत्र निवडप्रक्रियेतून नेमलेले, अशी रचना झाली. ती नियामक संस्था आहे, संघटना नव्हे, हा भेद आम्ही जाणतो. तरीही व्यवसायबंधूंच्या मतांवर आलेले लोक व्यवसायबंधूंनाच पाठीशी घालतील, या लोकांच्या संशयापुढे मताधिकार टिकला नाही, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलाखतीत वाक्पटू जिंकेल आणि अबोल कार्यकर्ता मागे पडेल. म्हणूनच आश्वासनांपेक्षा केलेल्या कामाविषयी अधिक विचारावे. ज्याने काम केले आहे त्याला ते सांगावयास वक्तृत्व लागत नाही. ज्याने केलेले नाही त्याला ते पुरत नाही.

रोगाचे निदान करण्यापूर्वी रुग्णाला प्रश्न विचारावेत, हे डॉक्टर पहिल्या वर्षापासून शिकत आले आहेत. आपला प्रतिनिधी निवडतानाही त्यांनी तेवढीच सावधगिरी बाळगावी. तो हक्क त्यांनी स्वतः बजावला नाही, तर उद्या सरकार तो आपल्या हाती घेईल, आणि त्या वेळी तक्रार करण्यास जागा राहणार नाही.