मोगूबाई कुर्डीकर : गायिका, गुरु आणि माता

गोमंतकांतील कुर्डी हा गांव आज साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेला आहे. त्याचें नांव मात्र संगीताच्या जगांत टिकून आहे. १९०४ सालीं तेथें मोगूबाईंचा जन्म झाला. मुलीनें थोर गायिका व्हावें, ही आई जयश्रीबाईंची आकांक्षा. परंतु मोगूबाई दहा वर्षांच्या असतांनाच मातेचें छत्र हरपलें. पुढें नाटकमंडळींबरोबर हिंडतां हिंडतां त्या सांगलीस आल्या. तेथें उस्ताद अल्लादियाखांनीं त्यांचें गाणें ऐकिलें व त्यांना शिकविण्यास आरंभ केला. खांसाहेबांच्या मागोमाग त्या मुंबईस गेल्या. तरी विधिपूर्वक गंडाबंधन व्हावयास १९३४ साल उजाडलें.

पतीच्या निधनानंतर तीन मुलांचा भार एकटीवर पडला. मैफली व शिकवण्या हाच संसाराचा आधार. परगांवच्या मैफलींत मागें तंबोरा घेऊन बसे ती कन्या किशोरी. जयपूर घराण्याची गायकी अनवट रागांची आणि लयीशीं गुंफलेल्या तानांची. ती केवळ पाठांतरानें साधत नाहीं, कान तयार व्हावा लागतो. म्हणूनच स्थायी व अंतरा आई दोनदांच गाऊन दाखवी, तिसऱ्यांदा नाहीं. शिस्त कठोर खरी. परंतु किशोरी आमोणकरांनीं पुढें घराण्याची चौकट ओलांडून स्वतःची वाट काढिली, ती ह्याच पायावर.

१९७४ सालीं मोगूबाईंना पद्मभूषण मिळालें. २००१ सालीं, शहाण्णवाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. विद्येसाठीं ज्यांना गांवोगांव हिंडावें लागलें, त्यांच्याच दारीं पुढें विद्येसाठीं शिष्य येत राहिले.